गुडघ्यातला धातू आणि भट्टीतले संस्कार

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आता कोल्हापूरकरांना नवी राहिलेली नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय झाला की घरातील मंडळी डॉक्टरांना तीन प्रश्न हमखास विचारतात. सांधा कोणत्या कंपनीचा, किंमत किती आणि तो टिकेल किती वर्षे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चटकन मिळतात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वसाधारण गुडघ्यासाठी कर वगळता ५४ हजार ७२० रुपये, तर टायटॅनियमसारख्या विशेष धातूच्या गुडघ्यासाठी ७६ हजार ६०० रुपये अशी मर्यादा जाहीर झाली होती. धातूच्या नावावरून किंमत ठरली आणि रुग्णांच्या तोंडीही धातूची नावे रुळली.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. सांध्याचे आयुष्य शल्यचिकित्सकाच्या कौशल्यावर, रुग्णाच्या वजनावर, जंतुसंसर्ग टाळण्यावर आणि दोन धातूंमधील प्लास्टिकच्या गादीवर अवलंबून असते. त्याचबरोबर ते धातूवरही अवलंबून असते. मात्र धातूचे केवळ नाव सांगून भागत नाही. तेच कोबाल्ट, तेच क्रोमियम आणि तेवढेच मॉलिब्डेनम घेऊन एक तुकडा नुसता ओतला, दुसरा ओतून भट्टीत तापवला आणि तिसरा तप्त अवस्थेत घणाखाली घडवला, तर रासायनिक पृथक्करणात तिन्ही सारखेच दिसतील. ताकदीत मात्र त्यांच्यात जवळजवळ दुपटीचे अंतर पडू शकते. धातूवर झालेल्या या संस्कारांची कहाणी फौंड्रीच्या शहराला जिव्हाळ्याची वाटावी अशीच आहे.

दातांच्या कवळीपासून विमानापर्यंत

कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा संयोग प्रथम व्यवहारात आणला तो अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोकोमो या गावच्या एल्वुड हेन्स यांनी. १९०७ मध्ये त्यांना या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. न गंजणारा, चकाकी न सोडणारा आणि लालबुंद झाला तरी धार टिकवणारा हा धातू त्यांनी 'स्टेलाइट' या नावाने विकला. त्याचा मुख्य उपयोग यंत्रांवरील कापण्याच्या हत्यारांसाठी होत असे.

माणसाच्या शरीरात हा धातू शिरला तो तोंडावाटे. १९३० च्या दशकाच्या आरंभी ऑस्टेनल लॅबोरेटरीज या अमेरिकन संस्थेने दातांच्या कवळीच्या सांगाड्यासाठी 'व्हायटॅलियम' नावाचा कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमचा मिश्रधातू तयार केला. लाळेत वर्षानुवर्षे राहूनही तो काळवंडत नाही, हे पाहून हाडांच्या शल्यचिकित्सकांचे लक्ष तिकडे गेले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हेनेबल आणि स्टक या डॉक्टरांनी त्याच्या पट्ट्या व स्क्रू हाडांसाठी वापरले. १९३८ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या सांध्यात याच धातूची वाटी बसवली. दुसऱ्या महायुद्धात तर दंतवैद्यकासाठी शोधलेला हा धातू, त्याच्या मेणाच्या साच्याच्या तंत्रासह, विमानांच्या टर्बोसुपरचार्जरची पाती ओतण्यासाठी वापरला गेला.

आज प्रमाणित ओतीव मिश्रधातूत २७ ते ३० टक्के क्रोमियम, ५ ते ७ टक्के मॉलिब्डेनम, जास्तीत जास्त ०.३५ टक्के कर्ब आणि उरलेला बहुतांश भाग कोबाल्ट असतो. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तोच शरीरातील खारट द्रवांपासून धातूचे रक्षण करतो. मॉलिब्डेनम आणि कर्ब त्याला बळकटी देतात. कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारी चकचकीत, वळणदार टोपी बहुधा याच धातूची असते.

फळांची रास आणि अणूंची रचना

या धातूचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याच्या अणूंची मांडणी पाहावी लागते. फळविक्रेता संत्र्यांची रास रचतो ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. पहिला थर मांडला की दुसऱ्या थरातील फळे पहिल्याच्या खळग्यांत बसतात. तिसरा थर मांडताना दोन पर्याय असतात. ती फळे नेमकी पहिल्या थरातील फळांच्या वर येतील अशी मांडता येतात किंवा शिल्लक राहिलेल्या वेगळ्या खळग्यांवर मांडता येतात. दोन्ही राशी सारख्याच दाट भरतात. पण त्यांची अंतर्गत रचना वेगळी असते. पहिल्या प्रकाराला षट्कोनी रचना म्हणतात, दुसऱ्याला घनीय.

घनीय रचनेत अणूंचे थर अनेक दिशांनी एकमेकांवरून घसरू शकतात. म्हणून तो धातू वाकतो, ताणला जातो, पण सहसा एकदम तुटत नाही. षट्कोनी रचनेत घसरण्याच्या वाटा थोड्या. म्हणून तो कडक होतो आणि त्याबरोबर ठिसूळही.

शुद्ध कोबाल्ट सुमारे ४२० अंश सेल्सिअसखाली षट्कोनी आणि त्यावर घनीय असतो. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळले की ही सीमा वर सरकते आणि वैद्यकीय मिश्रधातूत ती ९०० ते १००० अंशांच्या दरम्यान जाते. म्हणजे सामान्य तापमानाला हा धातू षट्कोनी असायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतांशी घनीयच सापडतो, कारण हा बदल अतिशय आळशी आहे. वितळलेला रस थिजून थंड होईपर्यंत अणूंना नवी मांडणी करण्याची सवडच मिळत नाही आणि उच्च तापमानाची रचना तशीच गोठून राहते.

हा निद्रिस्त बदल जागा करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे धातू सुमारे ६५० ते ९५० अंशांत तासन् तास ठेवणे. दुसरा म्हणजे त्याला ठोकणे, वाकवणे किंवा ओढणे. उष्णता-प्रक्रिया आणि विरूपण, म्हणजे कारखान्यांच्या बोलीत हीट ट्रीटमेंट आणि घडाई, यांचे या मिश्रधातूवर इतके परिणाम का होतात, त्याचे मूळ येथे आहे.

ओतकामातील उणिवा

कोबाल्ट-क्रोमियम अतिशय चिवट असल्याने त्याचे यंत्रावर कातकाम करणे कठीण आणि खर्चिक असते. त्यामुळे गुडघ्याच्या टोपीसारखे गुंतागुंतीचे आकार बहुधा मेणाच्या साच्याने ओततात. वस्तूची मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर उष्णतारोधक लेपाचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या झालेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. ही पद्धत आपल्या मुलखाला परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मूर्ती घडवण्यासाठी मेणाच्या साच्याचे वर्णन आले आहे. आजच्या औद्योगिक भाषेत यालाच इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणतात.

सुमारे १३५० ते १४५० अंशांचा रस ८०० ते १००० अंशांपर्यंत आधीच तापवलेल्या साच्यात ओतला जातो. साचा गरम असल्याने रस बारीक कानाकोपऱ्यांत पोचतो; पण त्याच कारणाने तो सावकाश थिजतो. सावकाश थिजलेल्या धातूचे स्फटिककण मोठे होतात. थिजताना आधी झाडाच्या फांद्यांसारखे कोबाल्टसमृद्ध स्फटिक वाढतात आणि फांद्यांमधील जागेत शेवटी उरलेला रस क्रोमियम, मॉलिब्डेनम व कर्ब यांनी गच्च भरलेला असतो. तेथे कार्बाइडचे कठीण खडे तयार होतात. रस आकसल्यामुळे सूक्ष्म पोकळ्याही राहतात.

फौंड्रीत काम केलेल्या माणसाला यातील एकही गोष्ट नवी वाटणार नाही. स्फटिककणांचा आकार, आकसण्याच्या पोकळ्या, जाड व पातळ भागांच्या थंड होण्यातील तफावत हे बिडाच्या ओतकामातही रोजचेच प्रश्न. फरक इतकाच, की पंपाच्या कवचातील बारीक पोकळीने फार तर पाणी झिरपेल. सांध्यातील पोकळी ही भावी तड्याची सुरुवात असू शकते. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीनपट भार येतो आणि एका पायाची वर्षभरात सुमारे दहा लाख पावले पडतात. एका पावलाने काहीच बिघडत नाही. पण लाखो पावलांनी धातूला शिणवटा येतो आणि जेथे पोकळी किंवा ठिसूळ कार्बाइड असेल तेथून बारीक तडा पुढे सरकू लागतो. पूर्वीच्या काळातील ओतीव खुब्याच्या दांड्या मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, त्या बऱ्याच अंशी अशाच दोषांमुळे.

पाणी दिले की मऊ

या उणिवा दूर करण्यासाठी ओतीव वस्तू पुन्हा भट्टीत जाते. येथे सामान्य अनुभवाला धक्का देणारी एक गोष्ट घडते. आपल्याकडे ऊस तोडणीचा कोयता घडवताना लोहार तो लाल तापवून पाण्यात बुडवतो. त्याला 'पाणी देणे' म्हणतात आणि पाणी दिलेले पोलाद कडक होते. कोबाल्ट-क्रोमियमला सुमारे १२०० ते १२३० अंशांवर काही तास ठेवून झपाट्याने थंड केले, तर तो अधिक मऊ आणि अधिक ताणक्षम होतो!

कारण सरळ आहे. पोलाद कडक होते ते झपाट्याने थंड होताना कर्ब त्याच्या जाळीत अडकून पडल्यामुळे. कोबाल्ट-क्रोमियममध्ये कडकपणा देणारे कार्बाइडचे खडे आधीच तयार असतात. उच्च तापमानाला ते विरघळू लागतात, कर्ब व क्रोमियम सर्वत्र पसरतात आणि जलद थंड केल्याने ते पुन्हा खड्यांच्या रूपात गोळा होऊ शकत नाहीत. ठिसूळ अडथळे कमी झाले की धातू तुटण्यापूर्वी अधिक ताणला जातो. क्रोमियम एकसारखे पसरल्यामुळे गंजरोधक पापुद्राही सर्वत्र सारखा धरतो.

या प्रक्रियेची वेळ आणि तापमान मात्र काटेकोर असावे लागते. तापमान कमी पडले तर कार्बाइड विरघळत नाहीत. ते सुमारे १२३५ अंशांच्या पुढे गेले, तर फांद्यांमधील कर्बसमृद्ध भाग वितळू लागतो आणि थंड झाल्यावर तेथे नव्या पोकळ्या व जाळीदार कार्बाइड उरतात. म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. भट्टीतील उष्णतामापक दहा-वीस अंशांनी चुकीचा दाखवत असेल तर बाहेरून चकचकीत दिसणारा नग आतून बिघडलेला असू शकतो. तापवल्यानंतर सावकाश थंड केले तर दुसरा धोका. ९५० ते ६५० अंशांच्या टप्प्यात धातू रेंगाळला की कार्बाइड पुन्हा स्फटिककणांच्या सीमांवर जमतात, षट्कोनी रचना वाढू लागते आणि धातू ठिसूळपणाकडे झुकतो.

पोकळ्या मिटवण्यासाठी आणखी एक उपाय वापरतात. बंद भांड्यात सुमारे १२०० अंश तापमान आणि वातावरणाच्या हजारपट दाबाचा आर्गॉन वायू यांच्या माऱ्यात नग काही तास ठेवला, की चहूबाजूंच्या दाबाने आतील पोकळ्या मिटून सांधल्या जातात. उद्योगात ही पद्धत 'हिप' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. पृष्ठभागापर्यंत उघडलेल्या पोकळ्या मात्र तिने मिटत नाहीत, कारण त्यांत वायू शिरतो.

काही सांध्यांच्या हाडाकडील बाजूस धातूचे बारीक मणी चिकटवतात. त्या खडबडीत पृष्ठभागात हाड वाढते आणि सांधा सिमेंटविना पक्का बसतो. हे मणी चिकटवण्यासाठी नग वितळणबिंदूच्या जवळपास, सुमारे १३०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. हाडासाठी उपकारक ठरणारी ही प्रक्रिया मूळ धातूचे स्फटिककण वाढवते आणि त्याची शिणवटा सोसण्याची शक्ती घटवते. म्हणून त्यानंतर पुन्हा 'हिप' आणि नियंत्रित उष्णता-प्रक्रिया करून झालेली हानी भरून काढावी लागते. वैद्यकीय धातुशास्त्रात एकीकडचा लाभ दुसरीकडे असा मोबदला मागतो.

घणाचे घाव आणि हुपरीची तार

विरूपणाचा परिणाम समजण्यासाठी कोल्हापूरकरांना दूर जायला नको. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत चांदीची तार लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक करतात. ओढता ओढता ती ताठर होते आणि तशीच ओढत राहिले तर तुटते. म्हणून कारागीर मध्येच तार तापवून मऊ करतो आणि पुन्हा ओढतो. ओढले की कडक, तापवले की मऊ, हा क्रम अणूंच्या थरांतील गुंता वाढण्याचा आणि सुटण्याचा आहे.

कोबाल्ट-क्रोमियममध्ये हा परिणाम कितीतरी तीव्र असतो. चांदीत केवळ गुंता वाढतो. येथे ठोकण्याने अणूंचे थर आपली जागाच बदलतात. घनीय राशीत मधूनमधून षट्कोनी रचनेचे पातळ पडदे उभे राहतात आणि एकमेकांना छेदणारे हे पडदे थरांच्या घसरणीला भिंतीसारखे आडवे येतात. त्यामुळे थोड्याशा विरूपणानेही हा धातू झपाट्याने कडक होतो.

आकडे बोलके आहेत. प्रमाणानुसार ओतीव मिश्रधातूच्या एक चौरस मिलिमीटर छेदाने कायमचा न वाकता किमान ४६ किलो आणि न तुटता किमान ६७ किलो भार पेलावा लागतो. तुटण्यापूर्वी तो किमान ८ टक्के लांबला पाहिजे. घडवून नंतर तापवून मऊ केलेल्या त्याच मिश्रधातूसाठी हे आकडे सुमारे ५३ किलो, ९१ किलो आणि २० टक्के आहेत. फार उच्च तापमान न देता घडवलेल्या रूपासाठी ते सुमारे ८४ किलो, ११९ किलो आणि १२ टक्के होतात. म्हणून मोठा भार पेलणारे खुब्याच्या दांड्यांसारखे भाग कोबाल्ट-क्रोमियमचे करायचे तर घडवलेला धातू पसंत केला जातो.

उष्ण घडाईचा आणखी एक लाभ आहे. सुमारे १००० ते ११५० अंशांत घडवताना जुने मोठे स्फटिककण मोडतात आणि त्यांच्या जागी नवे, बारीक कण जन्म घेतात. जपानमधील संशोधकांनी तापमान व घडाईचा वेग यांचा मेळ साधून एका मायक्रॉनहून लहान कण मिळवले आहेत. कण जितके बारीक, तितकी सीमांची संख्या अधिक आणि तितका धातू बळकट. घडाईच्या दाबाने ओतकामातील पोकळ्याही मिटतात. अडचण अशी, की हा धातू घणालाही दाद देत नाही. साचे लवकर झिजतात आणि तापमान थोडे उतरले तरी नगाला तडे जातात.

एक गोष्ट मात्र या सर्व संस्कारांनी बदलत नाही. ती म्हणजे धातूचा ताठरपणा. कसाही तापवा वा ठोका, कोबाल्ट-क्रोमियमचा स्थितिस्थापकतेचा गुणांक २१० ते २३० गिगापास्कल राहतो. हाडाच्या कठीण कवचाचा तो २० च्या आत आणि टायटॅनियमचा ११० च्या आसपास असतो. त्यामुळे ताठर धातू सगळा भार आपल्याकडे घेतो आणि शेजारचे हाड काम न उरल्याने विरळ होत जाते. हा प्रश्न भट्टीत सुटत नाही, तो सांध्याच्या रचनेतच सोडवावा लागतो.

दंतवैद्याची भट्टी, हृदयातील जाळी

या ज्ञानाचा सर्वांत सुबक उपयोग दंतवैद्यकात दिसतो. अमेरिकेतील एल्जिन घड्याळ कंपनीत घड्याळाच्या स्प्रिंगसाठी विकसित झालेल्या 'एल्जिलॉय' या कोबाल्ट-क्रोमियम-निकेलच्या तारा दात सरळ करण्यासाठी वापरतात. त्यातील मऊ प्रकारची तार दंतवैद्य हाताने हवी तशी वळवतो आणि मग सुमारे ४८० अंशांवर काही मिनिटे तापवतो. वळवताना विरूपण झालेली ही तार तापवल्यावर मऊ न होता उलट कडक होते. १२०० अंशांची उष्णता आणि ४८० अंशांची उष्णता यांचे काम किती वेगळे आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय. याच घराण्यातील ३५ टक्के निकेल असलेला मिश्रधातू थंड अवस्थेत ओढून मग असाच तापवला, तर त्याची ताकद एका चौरस मिलिमीटरला १८० किलोच्या पुढे जाते. पेसमेकरच्या तारांत हा धातू वापरतात.

याउलट कवळीच्या ओतीव आकड्याचा अनुभव. आकडा सैल झाला म्हणून पकडीने पुन्हा पुन्हा वाकवला, तर दर वेळी तो अधिक कडक होत जातो आणि एक दिवस तुटतो. म्हणून कवळीचे आकडे घरच्या घरी वाकवू नयेत.

हृदयाच्या रोहिणीतील स्टेंटची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यासाठी कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन व निकेल यांच्या मिश्रधातूची बारीक नळी ओढतात आणि ओढण्याच्या टप्प्यांमध्ये ती तापवून मऊ करतात. मग लेसरने तिची जाळी कापून पुन्हा मऊ करतात. ही जाळी फुग्यावर घट्ट दाबून बसवतात आणि रोहिणीत नेऊन फुगा फुगवतात. म्हणजे धातूचे अखेरचे विरूपण कारखान्यात होत नाही, ते रुग्णाच्या हृदयात होते. मऊ जाळी सहज उघडते आणि उघडता उघडता कडक होऊन रोहिणीला आधार देते. पोलादाच्या जुन्या स्टेंटची पाती सुमारे १३० ते १४० मायक्रॉन जाड असत. कोबाल्ट-क्रोमियममुळे ती ८० ते ९० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीपर्यंत, आणता आली.

झिजेचा वाद

मग कार्बाइडचे खडे पूर्णपणे काढून टाकावेत काय? येथे तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या सांध्यांत हे कठीण खडे झिजेला विरोध करतात, असे एका पक्षाचे म्हणणे; म्हणून काही उत्पादकांनी ओतीव धातू भट्टीत न घालता वापरणे पसंत केले. खडे सुटून निघाले तर तेच कानसेसारखे पृष्ठभाग खरवडतात, असे दुसऱ्या पक्षाचे उत्तर. गुडघ्यात धातूची गाठ प्लास्टिकशी असते. तेथे उंच राहिलेला खडा किंवा ओरखडा प्लास्टिक झिजवतो आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण हाड पोखरणारी दाहक प्रतिक्रिया जागवतात. म्हणून तेथे आरशासारखा गुळगुळीतपणा अत्यावश्यक असतो.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांनी जगाला मोठा धडा दिला. ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीने आपला 'एएसआर' हा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार रुग्णांना तो बसवला गेला होता आणि त्यांत भारतातीलही हजारो रुग्ण होते. अनेकांच्या रक्तात कोबाल्ट व क्रोमियमचे प्रमाण वाढल्याचे आढळले. येथे मुख्य दोष उथळ वाटीच्या रचनेचा आणि कडेवर येणाऱ्या भाराचा होता; उष्णता-प्रक्रियेवर सर्व खापर फोडणे योग्य ठरणार नाही. उत्तम धातूही वाईट रचनेला वाचवू शकत नाही, हे मात्र त्यातून सिद्ध झाले. भारत सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर २०१८ मध्ये भरपाईचा प्रश्न ऐरणीवर आला.

कामाइशीचा धडा आणि कोल्हापूर

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नावाचे लहान शहर आहे. १८५८ मध्ये तेथे जपानमधील पहिली पाश्चात्त्य पद्धतीची झोतभट्टी यशस्वीपणे पेटली आणि ते लोखंडाचे शहर झाले. १९८९ मध्ये तेथील अखेरची झोतभट्टी विझली. पुढे इवाते आणि तोहोकू विद्यापीठांत काम केलेले प्रा. अकिहिको चिबा यांच्या संशोधनातून निकेल टाळणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूवर तेथे उत्पादन सुरू झाले. या संशोधनात अल्प प्रमाणात नायट्रोजन मिसळून घनीय रचना टिकवण्याचे आणि घडाई सुकर करण्याचे तंत्रही विकसित झाले. लोखंडाच्या शहराने आपली जुनी विद्या नव्या धातूला लावली.

कोल्हापूरची परंपरा याहून दुबळी नाही. शेतीपंपांसाठी ऑइल इंजिने बनवणाऱ्या उद्यमनगरातून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेपर्यंत पसरलेल्या सुमारे ३०० फौंड्री आज देशातील वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतात. वितळलेल्या धातूची जाण असलेली माणसे येथे पिढ्यान् पिढ्या घडली आहेत. मात्र बिडाच्या ओतकामातून सांध्याच्या ओतकामाकडे जाणे हा केवळ भट्टी बदलण्याचा प्रश्न नाही. निर्वात भट्टी, मेणाचे अचूक साचे, क्ष-किरण तपासणी आणि स्फटिकरचना पाहणारी प्रयोगशाळा ही त्यासाठीची किमान सामग्री. कोबाल्ट आपल्याकडे मुख्यतः आयात होतो आणि जगातील सर्वाधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतो. त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक नग महाग पडतो. हैदराबादची 'मिधानी' ही १९७३ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी अशा विशेष मिश्रधातूंचे उत्पादन देशातच करते, ही जमेची बाजू.

त्याहून मोठी सामग्री म्हणजे शिस्त. २००५ मध्ये हाडांतील इम्प्लांट आणि हृदयाचे स्टेंट औषध कायद्याच्या कक्षेत आले आणि वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. आता प्रत्येक नगाचा इतिहास उत्पादकाने जपणे अपेक्षित आहे. तो कोणत्या ओतीतला, किती अंशांवर किती वेळ ठेवला, किती वेगाने थंड झाला, याची नोंद नसेल तर रासायनिक पृथक्करणाचा दाखला अर्धवट ठरतो. लेसरने धातूची भुकटी थरावर थर वितळवून सांधे व दातांचे सांगाडे बनवण्याचे तंत्र आता रूढ होत आहे. त्यात धातू क्षणार्धात थिजतो, आत ताण कोंडून राहतो आणि तो सोडवण्यासाठी पुन्हा भट्टीचाच आश्रय घ्यावा लागतो. साचा गेला तरी उष्णता-प्रक्रिया सुटलेली नाही.

रुग्णाने स्फटिकशास्त्र शिकावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याला करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. सांध्याच्या वेष्टनावर उत्पादक, प्रकार आणि लॉट क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. तिची प्रत शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत लावून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. उद्या काही दोष निघाला, तर त्या क्रमांकावरून थेट त्या दिवसाच्या भट्टीपर्यंत पोचता येते. उत्पादकाच्या दप्तरातली भट्टीची नोंद आणि रुग्णाच्या फाईलमधला क्रमांक, या दोन कागदांच्या आधारेच धातूवर झालेले संस्कार पुढे कधीही तपासता येतात.